जावईबापूंच्या गळ्यातल्या पट्टीचा खुलासा

पासली,
अधिक ज्येष्ठ, रविवार

श्री. धनाजीराव व्याही यांना पासलीहून सावळारामचा दोन्ही हात जोडून रामराम. (दोन्ही हात असं मुद्दाम लिहिलं आहे, त्याचं कारण पुढच्या परिच्छेदात आहे.) सौ. फुलाबाई विहीणबाईंनाही आमचा नमस्कार सांगावा. आपल्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला लागू पडला की नाही ते कळवावं. नसेल पडला तर इथं एक तेल मिळतं, त्याचा वास फार वाईट आहे पण गुण आहे, आणि वासामुळं घरात कुणी जवळ येत नाही त्यामुळं गुडघ्याला आपोआप विश्रांती मिळते. आमच्याकडं सर्व क्षेम. म्हैस व्याली, रेडी झाली. रोपांच्या वाफ्यांची भाजणी उरकली. आता एकदा आभाळ भरून आलं की धूळवाफेच्या पेरणीला हात घालू.

आता मुद्द्याचं. हे पत्र आपल्या हातात देणारे इंद्रजित जावईबापू या घटकेला आपल्या पुढ्यात उभे असतील आणि त्यांचा उजवा हात पट्टीनं गळ्यात बांधलेला असेल. तर आधी आपण खाली बसावं आणि विहीणबाईंनाही बसवावं. हाड मोडलेलं नाही. आमच्याकडं कुणाशी भांडण झालेलं नाही. जावई गाडीवरून पडलेले नाहीत, गडावर चढलेले नाहीत आणि आमच्या म्हशीनंही त्यांना काही केलेलं नाही (ती बिचारी तेव्हा बाळंतीण होती). घडलं ते आमच्या घरात, टीव्हीपुढं, आपल्या विहीणबाई म्हणजे आमच्या साळूबाईंशी क्रिकेट खेळताना. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं, पण कसंही लिहिलं तरी ते असंच दिसतं.

आपण म्हणाल, फोन का केला नाही. आमच्याकडं रेंज येते ती शाळेमागच्या टेकाडावर, आणि तिथं उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागतं. जावयाचा हात गळ्यात आला ही बातमी टेकाडावरून ओरडली असती तर आपल्या आधी ती अख्ख्या गावाला कळली असती, आणि भोंगवलीला पोचेपर्यंत हाताचे दोन हात आणि एक पाय झाला असता. शिवाय फोनवर आपण मला मधेच तोडता. (राग नसावा. आपला आवाज मोठा आहे आणि माझं बोलणं लांब आहे, दोघांचाही इलाज नाही.) पत्राला तो धोका नाही.

लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, म्हणून लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं होतं, हे आपल्याला माहीत आहेच. जावई आमच्याकडं यायचे म्हटलं की आम्ही चार दिवस आधीपासून जपून वागतो, आणि त्याला कारण जावई नाहीत, ते फार गुणाचे आहेत. कारण आहे लग्नातला तो रुसवा. आपल्याकडच्या एका पाहुण्यांचा फेटा चुकून आमच्या वाजंत्रीवाल्याला बांधला गेला होता (पाहुण्यांचं नाव लिहीत नाही, ते आपले थोरले मेव्हणे आहेत), आणि त्यांची समजूत काढता काढता वरातीला दुपारची संध्याकाळ झाली. तेव्हापासून भोंगवलीकडचं माणूस घडीभर गप्प बसलं तरी साळूबाई देवापुढं दिवा लावून येतात. त्यात यंदा आमचा एक मतलब होता. राजनंदिनीला वेल्ह्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला बोलावलं आहे. शाळा उघडली की रुजू व्हायचं. म्हणजे आठवडाभर पासलीत आमच्याकडं राहायचं आणि सुट्टीला आपल्या घरी जायचं. पोरगी एवढी शिकली, रात्रंदिवस त्या नोकरीचा जप करत होती. आम्ही ठरवलं होतं की जावईबापू धोंडे खाऊन तृप्त झाले, सुपारी तोंडात टाकली, की मी हळूच विषय काढायचा. म्हणजे सगळी भिस्त धोंड्यांवर होती. (हे आपल्याला सांगतो आहे ते नुसतं ओघात. आपल्याकडं काही मागायला म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही.)

जावई आले ते खेळायचं यंत्र घेऊन आले. आपले चिरंजीव लहानपणी भोंगवलीत अभ्यासाच्या नावाखाली काय करत होते हे आपल्याला ठाऊक असेल; आम्हाला ते या खेपेला कळलं. यंत्र म्हणजे एक काळी पेटी, ती टीव्हीला जोडायची. तिच्याबरोबर हातात धरायच्या दोन तऱ्हा, प्रत्येकीची जोडी. एक बटणांची: ती दोन्ही हातांत ताटलीसारखी धरायची, तिच्यावर सुपारीएवढी बटणं, अंगठ्यानं फिरवायच्या दोन घुंड्या आणि खालच्या अंगाला बोटांसाठी आणखी चार खटके. दुसरी तऱ्हा म्हणजे नुसता दांडा, टॉर्चएवढा. तो हातात धरून बॅट फिरवल्यासारखं केलं की टीव्हीतला गडीही बॅट फिरवतो. जावईबापू म्हणाले की मुरलेला खेळाडू बटणांनीच खेळतो, दांडा हा नवख्यांसाठी आणि पाहुण्यारावळ्यांसाठी असतो. हे त्यांचं वाक्य आपण ध्यानात ठेवावं.

सकाळी न्याहारीनंतर त्यांनी मानानं पहिल्यांदा बटणं माझ्या हातात दिली. मी गेली चाळीस वर्षं क्रिकेट बघतो, रेडिओपासून. त्यामुळं मला वाटलं, यात काय आहे. एक बटण दाबलं तर माझा फलंदाज पंचाच्या दिशेनं चालायला लागला. दुसरं दाबलं तर खेळच थांबला आणि पडद्यावर कसलीशी यादी आली. तिसरं दाबलं तेव्हा तो धावला, पण एकटाच, आणि समोरचा गडी जागेवर उभा. मग जावई म्हणाले, मामा, तुम्ही दांडा घ्या. दांडा घेऊन मी नीट उभा राहिलो, पाय टेकवले, खांदा काढला, क्षेत्ररक्षण कसं लावलंय ते बघितलं, तोवर चेंडू येऊन यष्टी घेऊन गेला. पुढच्या खेपेलाही तेच. मला खेळातलं इतकं कळतं की खेळायला वेळच मिळत नाही. जावईबापूंनी सभ्यपणानं तोंड फिरवून घेतलं, पण त्यांची पाठ हसत होती.

एवढ्यात साळूबाई धोंड्यांची कणीक मळून बाहेर आल्या. मामी, तुम्हीपण बघा खेळून, असं जावई म्हणाले आणि तो दांडा त्यांच्या पिठाच्या हातात दिला. व्याही, मी आपल्याला शपथेवर सांगतो, त्या बाईनं आजवर क्रिकेटचा एक चेंडू पाहिलेला नाही. बॅट कोणत्या अंगानं धरतात हेही तिला माहीत नाही. तिनं विचारलं, काय करायचं? जावई म्हणाले, चेंडू आला की हलवायचं. झालं. भाताची पेंढी फळीवर झोडावी तसा तिनं तो दांडा डोक्यावरून खाली आणला आणि चेंडू टीव्हीतल्या गर्दीत जाऊन पडला. पुढचाही तिथंच. मग तिच्या गोलंदाजीची पाळी आली (जावयांनीही बरोबरी म्हणून दांडाच घेतला होता) तेव्हा राखणीला बसून गोफण फिरवतात तसा हात फिरवला, आणि जावईबापूंचा पहिला फलंदाज गेला. राजनंदिनी हसून हसून भिंतीला टेकली. आमचा शेजारी गेनू दूध घालायला आला होता तोही चरवी घेऊन तिथंच बसला.

माझी मात्र हवा गुल झाली. जावई घामाघूम झाले होते. नंतर त्यांनीच मला सगळं समजावून सांगितलं ते असं, की इतकी वर्षं बटणांवर खेळल्यामुळं चेंडू दिसला की त्यांचा अंगठा आधी निघतो. दांड्यावर बटण नाही, त्यामुळं अंगठा तिथं जाऊन शोधत बसतो आणि हात हलेपर्यंत चेंडू गेलेला असतो. साळूबाईंच्या अंगठ्याला कसलीच सवय नाही, त्यामुळं मधे कुणी थांबवणारं नाही. हे तत्त्व मला पटलं. पण तेव्हा कुठलं तत्त्व. मी साळूबाईंच्या मागं जाऊन कानात सांगितलं की जावई आहेत, जरा हरा. तिनं मान हलवली. हरायचं म्हणून तिनं चेंडू अगदी हळू, मोदक ठेवल्यासारखा टाकला, तर तो टप्पा पडल्यावर असा काही वळला की आणखी एक गडी बाद. मग तिनं हरायचं म्हणून डोळे मिटून हात फिरवला. तो काय झाला ते मी लिहीत नाही, जावयांना वाईट वाटेल.

शेवटच्या चेंडूवर जावईबापूंनी सगळा जीव एकवटून दांडा फिरवला. चेंडू हुकला. ते हसल्यासारखं करून खाली बसले आणि गप्प झाले. त्यानंतर जे गप्प झाले ते झालेच.

दुपारी ताट वाढलं. धोंडे, त्यावर तुपाची धार, गुळवणी, कुरडई, सगळं. साळूबाईंनी ओवाळलं, शर्टाचं कापड न देता शिवलेला शर्टच दिला होता, म्हटलं घाला जावईबापू. ते म्हणाले, नंतर घालतो. मी समोर गेलो तर नमस्काराला हात न जोडता नुसती मान झुकवली. ताटावर बसले, धोंड्यांकडं बघितलं, आवंढा गिळला, आणि पोट भरलंय म्हणाले. डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला, दोन घोट प्यायले आणि उठले. व्याही, त्या क्षणी आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. शर्ट नाही, नमस्कार नाही, अन्न नाही. लग्नातल्या त्या पाहुण्यांनी निदान भजी तरी खाल्ली होती.

गेनूला चार जावई आहेत, त्यामुळं रुसव्यातलं त्याला बरंच कळतं असं तो स्वतःच सांगतो. त्यानं मला गोठ्यात नेऊन निदान केलं. "जावई हारला की जेवत न्हाई. त्यात सासूकडनं हारला म्हंजी लईच. आता त्येला जिकवा, दुसरा इलाज न्हाई." मी म्हटलं, अरे पण ती हरतच नाही. गेनू म्हणाला, तिच्या हातातला दांडा काढून घ्या आणि बटणं द्या. मला हे आधी सुचलं नाही याचंच नवल वाटलं. साळूबाई ओट्यावर बसून डोळे पुसत होत्या. "म्या काय केलं? त्येनी हलवा म्हणलं, म्या हलवलं," एवढंच त्या म्हणत होत्या.

तिसऱ्या प्रहरी मी जावयांपुढं विषय काढला, की सकाळचा तो दांड्याचा खेळ म्हणजे पोरखेळ, खरा डाव बटणांचा, आम्हाला आपला खरा खेळ बघायचाय. जावयांचा चेहरा एकदम खुलला. बटणांची ताटली त्यांनी मांडीवर ठेवली, हात मांडीवरच, नुसती बोटं चालत होती, आणि बोटं अशी की पेटीवाल्यानं पेटी वाजवावी. समोर साळूबाई ताटली सुपासारखी धरून बसलेल्या. त्यांचा पहिला गडी बाद, दुसरा बाद, तिसरा आपणहून मैदान सोडून चाललेला. बटण दाबायचं तर त्या ताटलीच हलवत होत्या, आणि ताटलीला हलवण्याशी काही देणंघेणं नव्हतं. जावई इतक्या धावांनी जिंकले की यंत्रावर फटाके उडाले. ते हसले. साळूबाई आयुष्यात कधी हरण्यानं इतक्या खूश झाल्या नसतील. गेनूनं मला डोळ्यानं खुणावलं की निघाला रुसवा. धोंडे परत गरम केले, पुन्हा ताट वाढलं, पुन्हा तुपाची धार. जावईबापूंनी ताटाकडं बघितलं आणि म्हणाले, भूक नाही.

गेनू चरवी घेऊन निघून गेला. राजनंदिनी स्वयंपाकघरात आली. तिची समजूत अशी, की सकाळी आपणच सगळ्यांत मोठ्यानं हसलो म्हणून हे झालं. तिनं विचारलं तेव्हा जावई काही नाही म्हणाले होते, आणि काही नाही म्हणजे काय ते कुठल्याही बायकोला कळतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, राहू द्या ती नोकरी. नाही म्हणून कळवते मी." आणि धोंड्यांवर झाकण ठेवायला लागली. माझी पोरगी लहानपणी पाटी फुटली तरी आठवडाभर रडणारी, ती न रडता असं बोलली. मला ते सोसलं नाही. मी सरळ बाहेर गेलो, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हटलं, जावईबापू, आमचं काय चुकलं असेल ते पोटात घाला. आणि टोपी त्यांच्या पायाशी ठेवायला वाकलो.

"मामा, काय करता हे!" म्हणत त्यांनी मला धरायला झटकन हात पुढं केला, आणि घरात एवढ्या मोठ्यानं "आई गं" झालं की म्हैस ओरडली. जावई खांदा धरून खाली बसलेले. मग सगळं बाहेर आलं. सकाळी शेवटच्या चेंडूला त्यांचा खांदा धरला होता. उजवा हात छातीच्या वर जाईना. शर्टात हात जाईना, नमस्काराला जुळेना, घास तोंडापर्यंत पोचेना. आणि सासुरवाडीत, धोंड्याच्या मानाच्या ताटावर, वडीलधाऱ्यांपुढं डाव्या हातानं जेवायचं कसं, म्हणून आपले चिरंजीव दिवसभर उपाशी. (हे वळण आपण लावलंत, त्याचं कौतुक करावं की काय करावं ते मला कळत नाही.) आणि सांगायचं तरी कसं, की कॉलेजात या खेळाची ढाल जिंकलेला मी, चेंडू कधी न बघितलेल्या सासूबाईंशी खेळताना खांदा गमावून बसलो. बटणं मांडीवर ठेवून खेळता येतात म्हणून दुपारी त्यांचा चेहरा खुलला होता, आणि आम्ही समजलो रुसवा निघाला.

व्याही, लाज वाटते पण लिहितो: एखाद्याचा खांदा दुखावला म्हणून मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. साळूबाई तर रडत रडत हसायला लागल्या. मिठाची पुरचुंडी तापवली, शेक दिला. राजनंदिनीनं ताट मांडीवर घेतलं आणि आमच्यासमोर जावईबापूंना घास भरवायला लागली. त्यांचे कान लाल झाले होते, पण तोंड थांबलं नाही. किती धोंडे खाल्ले ते सांगत नाही, दृष्ट लागते. मधेच, तोंडात घास असतानाच ते म्हणाले, "मामा, नोकरीचं तिनं मला कधीच सांगितलंय. माझं होच आहे. मला वाटलं, तुम्हीच नको म्हणाल." म्हणजे आम्ही त्यांना भीत होतो, ते आम्हाला भीत होते, आणि मधे बिचारे धोंडे थंड होत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले शीर आखडली आहे, थोडे दिवस हात गळ्यात ठेवा, शेक द्या, आणि क्रिकेट कुठल्या मैदानावर खेळलात? आम्ही सगळेच आढ्याकडं बघत बसलो.

तर हा असा प्रकार आहे. सोबत घरच्या भाताचे तांदूळ थोडे पाठवले आहेत, पिशवी राजनंदिनीनं उचलली आहे, जावयांना हात लावू दिलेला नाही. विहीणबाईंनी वाईट वाटून घेऊ नये.

आपला,
सावळाराम

ता. क. वर लिहिलं आहे की आपल्याकडं काही मागायला हे पत्र नाही. ते तेवढं वाक्य सोडून बाकी सगळं खरं आहे. नवरा-बायकोचं ठरलं असलं तरी, सून आठवडाभर माहेरी राहून नोकरी करणार म्हटल्यावर आपला आणि विहीणबाईंचा शब्द लागतोच, आणि तो मिळाल्याशिवाय राजनंदिनी शाळेत पाऊल टाकणार नाही म्हणते. शाळा उघडायला फार दिवस नाहीत. पोरगी आपल्याला वडिलांसारखं मानते. हो म्हणावं.

ता. क. दुसरं. साळूबाईंचा निरोप असा, की आपल्याला किंवा विहीणबाईंना हे पटत नसेल तर काही बिघडत नाही, दोघांनी पासलीला यावं, एक डाव खेळू आणि जिंकेल त्याचं ऐकू. यंत्र जावईबापू इथंच ठेवून जात आहेत. बटणांच्या ताटल्या मात्र सापडत नाहीत, कणगीमागं पडल्या असाव्यात. दांडे आहेत.

ता. क. तिसरं. हे लिहू नये असं मला दोघांनीही बजावलं होतं, पण आपल्यापासून लपवून मला झोप यायची नाही. खांदा कालच मोकळा झाला. काल संध्याकाळी जावईबापूंनी याच हातानं विहिरीचं पाणी ओढलं. पण निघताना त्यांनीच पट्टी पुन्हा बांधून घेतली. म्हणाले, मी आजारी असलो की आई कशालाच नाही म्हणत नाही. तेव्हा आपण आणि विहीणबाईंनी एकदा हो म्हटलं की पट्टी तिथंच सोडायला सांगावी, गरमीत मानेला उगाच काचते.